राणीची हाक

विषाचा पेला रिकामा करून राणी सिंहासनावर हसत बसून राहिली. दरबाराला काही कळू द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. पण शेवटच्या क्षणी राणी झालेल्या नीरजाचा हात शेल्यावर चाचपडू लागला आणि 'महाराज' म्हणायचं असताना तिच्या तोंडून निघालं, "अहो... अहो, आलात का?"

डोंबिवलीचं भरलेलं नाट्यगृह चिडीचूप झालं. मग टाळ्यांचा कडकडाट.

पडदा पडताच केदार विंगेत धावत आला. नटांच्या चुकासुद्धा आपणच बसवल्या होत्या, असं भासवणारा हा दिग्दर्शक.

"काय केलंस तू हे! वरून हसतेय आणि आतून जीव तुटतोय. हेच तर आहे आपलं नाटक. उद्यापासून 'अहो' फिक्स!"

नीरजाला फक्त तिसऱ्या रांगेतले बाबा दिसत होते.

गेल्या वर्षी, माजिवड्याच्या घरी आई गेली तेव्हा बाबा, प्रभाकरराव, दूध आणायला खाली उतरले होते आणि पाण्याच्या टँकरबद्दल कुणाशी तरी बोलत फाटकाशी थांबले. वर आले तेव्हा सगळं संपलं होतं. "झोपेतच गेली, बाबा," नीरजानं सांगितलं. त्यानंतर ते येईल त्याला सांगत, "मंदाकिनी झोपेतच गेली हो. काही त्रास नाही." दर वेळी नीरजा चहाचं निमित्त करून आत पळायची. आणि जे बापाला सांगवलं नाही, ते आज तिनं परक्या लोकांना करून दाखवलं होतं, टाळ्या घेतल्या होत्या. तिला स्वतःची लाज वाटली.

प्रभाकरराव रंगपटात आले.

"छान झालं काम. ते 'अहो' नाटकात लिहिलंय का गं?"

"हो," ती घाईनं म्हणाली.

"कुठलं काका!" केदारला कौतुक आवरेना. "संहितेत 'महाराज' आहे. हे हिचं स्वतःचं!" आणि तो दुसऱ्या कुणाची पाठ थोपटायला निघून गेला.

प्रभाकरराव खुर्चीत बसले. त्यांचा हात धोतराच्या काठावरून उगाच फिरत राहिला.

"हाका मारत होती?"

नीरजानं मान हलवली.

"गॅलरीतून मी दिसत होतो ना तुला?"

"दिसत होतात."

"मग एक हाक मारायची होतीस."

"उठवेना, बाबा. ती सारखी तुमचा हात शोधत होती. मी माझा दिला. काही बोलले नाही. तुम्हीच आहात असं तिला वाटू दिलं."

बाहेर सेट उतरवायला सुरुवात झाली होती. प्रभाकररावांनी खाली बघतच विचारलं,

"पटलं तिला?"

"हो, बाबा. लगेच शांत झाली."

त्यांनी मान वर करून लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. टेबलावरचा टॉवेल उचलून तिच्यापुढे धरला.

"आधी रंग पूस," ते म्हणाले. "मग सांग."