जित्या माणसाचा कडू घास

बायडाबाई रडतच आमच्या दारात आली. डोक्यावर भाकरीची पाटी, हातात पिठल्याची पातेली, अन् मागं गल्लीतल्या साऱ्या बायका. मी चहाचं आधण ठेवलं व्हतं. पाटीवर कडू लिंबाचा डहाळा बघितला अन् माझ्या काळजाचं पाणी झालं.

आमच्या वाघोलीत कुणाच्या घरी मयत झालं की त्या घरात चूल पेटत नाय. शेजारीपाजारी जेवण आणत्यात, त्याला कडू घास म्हणत्यात. अन् माझा संपत तर दोन दिवस झालं फोन उचलत नव्हता.

"कोण गेलं गं?" मी ओरडले.

"तुझा संपत गं, विजे! तरणाताठा! काल ट्रकखाली..."

मी मटकन खालीच बसले. बायडाबाईनं मला मिठी मारली अन् हुंदके देत म्हणाली, "जाताना बायकोचा हात धरला व्हता गं त्यानं, सोडीना!"

बायको? माझ्या संपतचं तर लगीनच झालेलं नाय. बायको हाय ती संपत टीव्हीवरच्या ज्या शिरेलमधी काम करतो, तिच्यातली. मेला त्यो बी शिरेलमधलाच.

"जीभ झडो तुझी, बायडे! जित्ता हाय माझा पोरगा!"

"ते ठाव हाय की," ती पदरानं नाक पुसत म्हणाली. "आमी काय येड्या हाय व्हय? पण रातभर डोळ्याला डोळा नाय लागला बघ."

आता ह्याच्यावर माणसानं काय बोलावं? ठाव हाय तर रडती कशाला, अन् रडायचंच हाय तर माझ्या दारात कशाला?

अन् रडतंय कोण, तर बायडाबाई! दिवाळीच्या टायमाला संपतनं कुठल्याशा मुलाखतीत सांगितलं, की गावात माझा जीव गुदमरायचा, नाटकाचं नाव काढलं की लोक हसायचे. हसायचेच की! पण गाव असं पेटलं म्हणता! चौकात त्याचा फ्लेक्स व्हता, 'आमच्या गावची शान' म्हणून. त्याला काळं फासलं. ह्याच बायडाबाईनं पायातली काढून त्याच्या तोंडावर हाणली, अन् त्याचा व्हिडिओ पार सोलापूरपर्यंत फिरला. पोरांनी फोनवरनं रान उठवलं, ह्याला शिरेलमधनं काढा, नायतर आमी बघणार नाय. अन् आमचे मालक भरल्या देवळात म्हणाले, "माझ्या लेखी त्यो मेला." तवापासनं पोराला उंबरा बंद, अन् घरात त्याची शिरेल बी बंद. मी आपली चोरून फोन करायची.

तर काढला त्याला. ट्रकखाली घालून काढला. पोराचं काम गेलं. अन् ज्यांनी काढायला लावलं तीच माणसं माझ्या वसरीत गळा काढत्यात. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

"तुमीच म्हणाला ना गं, काढा त्याला?"

"काढा म्हणलं," बायडाबाई म्हणाली, "मारा कुठं म्हणलं?"

तेवढ्यात मालक गोठ्याकडनं आले. बायकांनी डोईवर पदर घेतला. बायडाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठलं लावलं, वर लिंबाचं पान ठेवलं अन् त्यांच्यापुढं धरला. "घ्या भाऊजी. पहिला घास बापानं घ्यायचा असतो."

मेला म्हणून ह्यांनीच सांगितलं व्हतं गावाला. आता घास घेतला की संपलं, पोराचं अन् घराचं कायमचं तुटलं. 'नका घेऊ, नका घेऊ,' मी मनातल्या मनात म्हणत व्हते.

मालकांनी घास हातात घेतला. लय येळ त्याच्याकडं बघत राहिले.

"जित्या माणसाचा कडू घास घेत्यात व्हय?" ते ओरडले. देवळात ओरडले व्हते त्याच्यापेक्षा मोठ्यानं. "माझा पोरगा जित्ता हाय! ऐकलं का समद्यांनी? जित्ता हाय त्यो!"

"तेच म्हणतोय की आमी!" बायडाबाई म्हणाली, अन् पहिल्यापेक्षा जास्त रडाया लागली.

भाकरी माघारी न्यायला कुणी तयार हुईना. कडू घास एकदा आणला की परत नेत नसत्यात. मालकांनी लिंबाचा डहाळा उचलून उकिरड्यावर भिरकावला, भाकरी फडक्यात बांधल्या अन् माझ्याकडं न बघताच विचारलं, "कुठं ऱ्हातो त्यो?"

पोटचं पोर पुण्यात ऱ्हातंय अन् बापाला पत्ता ठाव नाय. माझे डोळे भरून आले. "नारायण पेठेत खोली हाय," मी म्हणलं.

मोटारसायकलवरनं गेलो, माझ्या मांडीवर पिठल्याची पातेली. खाली घरमालकीणबाई उभ्या व्हत्या. आमच्याकडं वरनं खालपर्यंत बघून म्हणाल्या, "वर आहेत. जिवंत आहेत. फुलं आणली असतील तर आपण इथंच ठेवा, जिन्यात कचरा होतो."

संपतनं दार उघडलं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. बापाला बघून मागंच सरकला. "अप्पा?"

मालक आत जाऊन खाली बसले, फडकं सोडलं, पिठलं वाढलं अन् ताट पुढं सरकवलं. "जेव."

"कुणी केलंय?"

"बायडाबाईनं."

"जिनं चप्पल मारली?"

"तीच."

संपतनं ताट जवळ ओढलं. मग जेवाया लागला. दुसऱ्या घासाला म्हणाला, "पिठलं खारट झालंय."

"रडत रडत केलंय तिनं," मालक म्हणाले, अन् त्याच्याच ताटात हात घालून जेवाया लागले.