प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावेत

आमच्या घरात जगाचं राजकारण सकाळच्या चहाबरोबर येतं. अनंतराव, म्हणजे माझे यजमान, कॉलेजात संरक्षणशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले, पण शिकवणं थांबलं नाही. वर्ग तेवढा लहान झाला. त्या वर्गात मी एकटी. पोह्यांत मीठ कमी आहे हे सांगायलासुद्धा त्यांना दोन मुद्दे लागतात. 'पहिला मुद्दा' म्हणून बोट वर झालं की ते खाली येईपर्यंत कुणी मध्ये बोलायचं नाही, हा घरचा नियम. आयुष्यभराच्या व्याख्यानांचं सार एवढंच, की ज्याच्या हातात बळ असतं त्याचं जग ऐकतं आणि बाकीच्यांचं ऐकल्यासारखं करतं.

मला ते कधी खोटं वाटलं नाही. फक्त त्याचा आमच्या मुलाशी काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

गंधार व्यापारी जहाजावर इंजिनिअर आहे. मार्च महिन्यात त्याचं तेलवाहू जहाज आखातातल्या एका देशाच्या सैनिकांनी अडवलं, आपल्या बंदरात नेलं आणि तिथंच उभं करून ठेवलं. कारण काय, तर जहाजाचा मालक ज्या देशाचा, त्या देशाशी यांचं भांडण. गंधारचं कुणाशीच भांडण नव्हतं. तो शाळेतसुद्धा मार खाऊन घरी यायचा आणि कुणी मारलं ते सांगायचा नाही.

सुरुवातीला मी निर्धास्त होते. आपल्या नौदलानं चाच्यांच्या तावडीतून माणसं सोडवल्याच्या बातम्या मी वाचलेल्या, आणि आपली एक युद्धनौका त्याच समुद्रात गस्त घालत होती.

"मग ती जाऊन आणेल ना त्यांना?" मी विचारलं.

"पहिला मुद्दा," अनंतराव म्हणाले, "हे चाचे नाहीत, देश आहे. चाच्यावर तोफ रोखता येते. देशावर रोखली तर त्याला युद्ध म्हणतात. दुसरा मुद्दा, जहाजावर आपला झेंडा नाही. मालकानं ज्या बेटावर त्याची नोंदणी केली त्या बेटाकडे नौदलच नाही. शिवाय ज्यानं जहाज अडवलं त्या देशाकडून आपण तेल घेतो."

"हा तिसरा झाला," मी म्हटलं. "आणि मुलगा आपला आहे."

"मुलगा आपला आहे," ते म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. बराच वेळ त्यांनी पान उलटलं नाही.

त्याच जहाजावर लोणी काळभोरचा साईनाथ आहे, इंजिनरूममध्ये गंधारच्या हाताखाली. कंपनीनं सगळ्यांच्या घरच्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला होता, त्यावरून साईनाथच्या वडिलांनी आमचा पत्ता काढला. मच्छिंद्रभाऊ त्यांचं नाव, गावात खतांचं दुकान आहे. पेरूंची पिशवी घेऊन आले आणि सोफ्याच्या अगदी कडेला बसले.

"सर, तुमचा अभ्यास हाय, वळखी हायत," ते म्हणाले. "तुमी सांगाल तसं करू. पोराची आय जेवत न्हाई बगा."

अनंतरावांच्या ओळखी म्हणजे दोन निवृत्त कर्नल आणि एक ग्रंथपाल. पण ते कसं सांगणार? मी चहा टाकायला आत गेले.

मग एप्रिलमध्ये एक बातमी आली. जहाजावर एका बड्या देशाचा एकच माणूस होता, स्वयंपाकी. त्या देशानं आपली विमानवाहू नौका जराशी अलीकडे आणली, बाकी काही केलं नाही, आणि स्वयंपाकी सुटला. विमानतळावर बायकोला मिठी मारताना त्याला टीव्हीवर दाखवलं. अनंतराव खुर्चीत पुढे सरकले.

"बघ," ते म्हणाले. "अगदी तंतोतंत."

आवाजात आनंद होता. जन्मभर शिकवलेलं डोळ्यांदेखत खरं झालं होतं ना. मग त्यांचं त्यांनाच कळलं असावं, कारण त्यांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला, की रात्री त्यांचं पान वाढून मी आत निघून गेले.

पण खरा कहर पुढेच होता. एका वाहिनीची मुलगी मुलाखतीला आली. नाकीडोळी नीटस, बोलायला गोड. "सर, एक वडील म्हणून आपण सरकारकडे काय मागणी कराल?"

दुसरा कुणी असता तर हंबरडा फोडला असता. आमच्याकडे आधी त्या मुलीचा शब्द दुरुस्त झाला. "तुम्ही मघाशी 'अपहरण' म्हणालात, ते चूक आहे. सैन्यानं केलं की त्याला जप्ती म्हणतात." ती बिचारी सॉरी म्हणाली आणि तिनं पुन्हा तोच प्रश्न विचारला.

"मूठभर माणसांसाठी कुठलाही देश आपलं तेल आणि शेजार पणाला लावत नाही," अनंतराव म्हणाले. "लावूही नये. सरकारच्या जागी मी असतो तर मीही सध्या गप्पच बसलो असतो. मुलगा माझा आहे म्हणून उत्तर बदलत नाही."

ती क्लिप गावभर फिरली. खाली लिहिलं होतं, 'देश आधी म्हणणारा बाप'. पेठेतल्या लोकांनी दारात येऊन अभिनंदन केलं. एकानं पेढे आणले. मी ते कामवालीला देऊन टाकले.

त्याच आठवड्यात खलाशांच्या घरची माणसं परराष्ट्र मंत्रालयात दाद मागायला दिल्लीला गेली होती. आम्ही दोघं गेलो नाही. अनंतरावांच्या मते उपयोग नव्हता. तिथून मच्छिंद्रभाऊंचा फोन आला.

"ताई, साहेब भेटले. लई चांगलं बोलले. मग त्यांनी मोबाईल काढला आन सरांची क्लिप आमाला दावली. म्हनले, बघा, विंजिनेरचे वडीलच म्हनतात सरकारचं बरोबर हाय, तुमी बी जरा दमानं घ्या." मग ते म्हणाले, "सर खोटं बोलले न्हाईत, ताई. पर आमाला चा पाजून वाटंला लावलं."

मी फोन ठेवला आणि तशीच बाहेरच्या खोलीत गेले.

"अहो, एकदा खोटं बोलायला काय झालं होतं? रडायचं होतंत त्या कॅमेऱ्यासमोर. सरकार नालायक आहे म्हणायचं होतंत."

"मला जे माहीत आहे तेच मी—"

"तुम्हाला जे माहीत आहे ते दिल्लीतल्या शिपायालाही माहीत आहे. तुम्हाला बाप म्हणून विचारलं होतं."

ते अगदी हळू म्हणाले, "वासंती, मी रडलो असतो तर तो सुटला असता?"

मला भांडण हवं होतं, आणि त्यांनी तेही माझ्या हातातून काढून घेतलं.

मे महिन्यात आमच्या पेठेतली व्याख्यानमाला असते. अनंतरावांचा विषय आधीच छापून झाला होता: 'लष्करी सामर्थ्य आणि राष्ट्राचा शब्द'. कार्यवाह रावसाहेब घरी येऊन म्हणाले, "रद्द करायचं का? आपण म्हणाल तसं." अनंतराव नाही म्हणाले. दिलेला शब्द आणि ठरलेली वेळ, या दोन गोष्टी त्यांनी कधी मोडल्या नाहीत.

एरवी अर्धी रिकामी असणारी जागा त्या संध्याकाळी भरली होती. लोक व्याख्यानाला आले होते की त्या बापाला बघायला, देव जाणे. मच्छिंद्रभाऊ लोणीहून आले आणि माझ्या शेजारी तिसऱ्या रांगेत बसले. "सर कायतरी मार्ग सांगतील," ते म्हणाले. दिल्ली बघून आल्यावरही त्यांना असं वाटत होतं.

अनंतराव छान बोलले. आरमारं, तह, निर्बंध, सगळं कागदाशिवाय. वाटाघाटीच्या टेबलावर शब्दांना किंमत येते ती टेबलामागे उभ्या असलेल्या फौजेमुळे, हे सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. गंधारचं नाव त्यांनी घेतलं नाही.

शेवटी प्रश्न. आमच्याकडे उठून प्रश्न विचारायची पद्धत नाही. 'प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावेत' अशी पाटीच लावलेली असते. पहिली चिठ्ठी ड्रोनविषयी होती, दुसरी संरक्षण खर्चाविषयी. दोन्ही उत्तरं नीट मुद्देसूद झाली. तिसरी माझी होती. मी नाव घातलं नव्हतं, पण वाण्याच्या याद्या वाचून वाचून त्यांना माझं अक्षर पाठ आहे. चिठ्ठी उघडल्यावर ते थांबले, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि वाचलं.

"ज्यांच्या हातात कसलंच बळ नाही, त्यांनी काय करायचं?"

मच्छिंद्रभाऊ पुढे वाकले.

"प्रश्न चांगला आहे," अनंतराव म्हणाले. "पहिला मुद्दा."

बोट वर झालं आणि तसंच राहिलं. सगळे पहिल्या मुद्द्याची वाट बघत होते. मी त्यांचा चेहरा बघत होते. लग्न झाल्यापासून या माणसाला मी उत्तर शोधताना पाहिलं नव्हतं. आता ते शोधत होते, आणि मला एकदम त्यांची दया आली. चिठ्ठी परत घ्यावी असं वाटलं, पण ती घेता येत नाही.

बोट खाली आलं. मग ते माइकपासून बाजूला झाले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले, नेहमीसारखे छातीशी नाही, पार कपाळापर्यंत. डोळे मिटले होते. ओठ हलत होते. आवाज आला नाही, पण मला कळलं. 'सोडा हो त्याला' म्हणत होते.

लोकांना वाटलं, समारोपाचा नमस्कार. टाळ्यांचा कडकडाट झाला, मागचे काही उठून उभे राहिले. कार्यक्रम वेळेत संपला म्हणून रावसाहेब खूश दिसले. ते माइकपाशी गेले आणि आभार मानायला लागले, अध्यक्षांचे, ध्वनिव्यवस्थेचे, श्रोत्यांचे.

मच्छिंद्रभाऊ टाळ्या वाजवत नव्हते. ते माझ्याकडे वळले.

"ताई, सरांनी हात कुनाला जोडले?"

मी व्यासपीठाकडे बघितलं. तिथं एक टेबल होतं, पाण्याचा तांब्या होता आणि अनंतरावांकडे पाठ केलेले रावसाहेब सतरंज्या घालणाऱ्यांचे आभार मानत होते. अनंतरावांचे हात अजून खाली आले नव्हते.