पूर्वेचा कोपरा

घिझलान शिडीवर चढून ज्यूंच्या जुन्या प्रार्थनाघराच्या, सिनेगॉगच्या दाराची रुंदी मोजत होती, तेवढ्यात तिथला राखणदार हम्मूचाचा याने खालून मोजपट्टी ओढून घेतली.

“तपासणीची कमानबिमान बसवायची नाही. लोक इथं आजोबा-पणजोबांना भेटायला येतात, विमान पकडायला नाही.”

“चाचा, धमकीचं पत्र आलंय. एक तर बंदोबस्त करा नाहीतर दाराला कुलूप लावा, असा वरून हुकूम आहे.”

“कुलूप?” म्हाताऱ्याने पट्टी गुंडाळून झग्याच्या खिशात टाकली. “एकतीस वर्षं रोज हे दार उघडतोय मी. मोहल्ल्यातलं शेवटचं ज्यू घर रिकामं झालं, त्या सकाळीही उघडलं होतं.”

राजधानी रबातहून सुरक्षेच्या कामासाठी चार दिवस आलेली घिझलान तीन आठवडे राहिली. कमान रद्द झाली. धातू ओळखणारं यंत्र उंबऱ्याच्या फळीखाली गेलं, कॅमेरे आणि आवाज टिपणारे ध्वनिग्राहक छताच्या कोरीव लाकडात. समोर पुदिना विकायला साध्या वेशातला एक पोलीस बसला. पहिल्याच सकाळी हम्मूचाचा हसत हसत आत आला.

“पोरी, तुझा शिपाई निम्म्या भावात पुदिना देतोय! अख्खा बाजार लोटलाय त्याच्यापुढे. याला गुपचूप पहारा म्हणतात होय?”

मग स्वतःच जाऊन तासभर त्याला जुड्या बांधायला शिकवत बसला.

पाहुणे येत राहिले. कुणाला कसला संशय आला नाही. माँट्रियलच्या एका बाईंना भिंतीवर आजोबांचं नाव सापडलं, तेव्हा हम्मूचाचाचे दोन्ही हात धरून त्या कितीतरी वेळ रडल्या.

कॅमेऱ्यांच्या चाचणीच्या दिवशी घिझलान शेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसली. दुपारची सुट्टी झाली. हम्मूचाचाने दार लोटलं आणि पूर्वेच्या कोपऱ्यातल्या बाकावर, शेजारी एका माणसाची जागा सोडून बसला.

“मख्लूफ, झोपलास की काय?”

मख्लूफ शिंपी. मार्सेलला गेला आणि तिथंच वारला, एवढंच चाचाने तिला एकदा ओझरतं सांगितलं होतं.

“तुझ्या दुकानात आता मोबाइल विकतात. माझा गुडघा वाकत नाही. ती रबातची पोरगी हट्टी आहे, पण हलक्या हाताची. नक्षीला ओरखडासुद्धा नाही. शिडीवर चढून पाहिलं मी. हो, या वयात. ओरडू नकोस.” शेजारच्या फळीवर त्याने तळवा टेकला. “हे दार बंद झालं, तर तुझ्याशी बोलायला कुठं जाऊ रे?”

घिझलानने आवाज बंद केला आणि पडद्याकडे पाठ फिरवून बसली.

दुसऱ्या दिवशी तिने त्या कोपऱ्यावरच्या खिडकीला आतून मजबूत जाळी बसवून घेतली. मग शिडी लावली, तिथला ध्वनिग्राहक काढला आणि कॅमेरा वीतभर वळवला. हम्मूचाचा खाली शिडी धरून उभा होता.

महिनाअखेरीस तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने पडद्यावर बोट ठेवलं.

“हा पूर्वेचा कोपरा दिसत नाही.”

“खिडकी बंदिस्त केली आहे, साहेब.”

“तरी तिथं कुणी नजर ठेवायला नको?”

बाहेर हम्मूचाचा पुदिनावाल्यावर खेकसत होता. घिझलान जराशी हसली.

“तिथं दोघं असतात,” ती म्हणाली. “जुनी माणसं आहेत.”