बेगम बाजारातली खरेदी

बांगडीवाल्याने रजिताचा डावा हात आपल्या हातात घेतला, बोटं जुळवली आणि लाखेची बांगडी अंगठ्याच्या मुळाशी दाबून पुढे सरकवली. रजिताने ओठ घट्ट मिटून घेतले. आवाज निघाला नाही, पण हात आपसूक मागे आला.

“दुखलं का बेटी?” म्हाताऱ्याने विचारलं. त्याने मनगट उलटं करून पाहिलं. स्वेटरची बाही वर सरकली होती. तिथे पिवळा पडत चाललेला जांभळा डाग होता.

“नाजूक आहे फार,” संपत हसत म्हणाला. “घरात घागर उचलली तरी हात लचकतो. घाला तुम्ही चाचा, तिला लाल शोभतो.”

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं नाही. हातातली बांगडी पेटीत ठेवून त्याने एक माप मोठी काढली.

“ही ढिली बसेल,” तो रजिताला म्हणाला. “पण लागणार नाही.”

शेजारच्या स्टुलावर राजव्वा पाय चोळत बसली होती. तिने सुनेच्या हाताकडे पाहिलं, मग समोरच्या आरशातल्या दिव्यांकडे पाहिलं. “झालं का रे?” ती मुलाला म्हणाली. “ह्या लाड बाजारात नुसता झगमगाट. डोळे दुखायला लागले माझे.”

संक्रांतीची सुट्टी होती. मेटपल्लीतलं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान बंद ठेवून संपतने आई आणि बायकोला हैदराबाद दाखवायला आणलं होतं. नामपल्लीच्या लॉजवर दोन खोल्या घेतल्या होत्या. शेजारीपाजारी म्हणाले होते, असा मुलगा मिळायला नशीब लागतं. संपत रिक्षावाल्यांशी गोड बोलत होता, आईला हात धरून रस्ता ओलांडून देत होता, बायकोचे फोटो काढत होता. प्रत्येक फोटोआधी तो म्हणे, “हस की.” आणि रजिता हसे.

लग्नाला पाच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. लग्नाआधी ती जगित्यालच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. तिथे पुरुष येतात म्हणून लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ती नोकरी सुटली. मग माहेरी जाणं कमी झालं, मग फोनमधले नंबर कमी झाले. संपत रोज रात्री तिचा फोन उघडून बघायचा. बाकी जे व्हायचं ते दार लावून व्हायचं. पलीकडच्या खोलीत राजव्वा झोपायची, पण राजव्वाला ऐकू कमी येतं, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रजिताने पंजाबी ड्रेसवर दुसरा ड्रेस चढवला आणि वरून स्वेटर घातला. बॅग घेऊन निघता येणार नव्हतं. जे अंगावर मावेल तेवढंच तिचं होतं.

मेटपल्लीला घराशेजारच्या शिवणवाल्या बाईंच्या फोनवरून सगळं ठरलं होतं. कॉलेजातली मैत्रीण शिरीषा अमीरपेटच्या एका हॉस्टेलमध्ये राहायची. तिच्या खोलीत दुसरी खाट रिकामी होती, तिच्याच लॅबमध्ये एक जागाही होती. शिरीषा दुपारी बारा वाजता सालारजंग म्युझियमच्या बाहेर, पुलाजवळच्या बसथांब्यावर उभी राहणार होती. वेळ शिरीषानेच सुचवली होती. म्युझियममध्ये वाजणारं घड्याळ आहे. तास भरत आला की सगळी माणसं तिथे गोळा होतात आणि माना वर करून बघत उभी राहतात. तेव्हा एक बाई मागच्या मागे निघून गेली, तर कोणाच्या लक्षात येणार?

म्युझियममध्ये राजव्वाचं तोंड थांबत नव्हतं. जन्मभर विड्या वळलेली बाई ती, हाताला काम नसलं की जीभ चालायची. चिनी मातीच्या बशांनी भरलेल्या कपाटासमोर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“एवढी भांडी! आणि चूल एकही नाही.”

“जुनी आहेत अम्मा, बघायची असतात,” संपत म्हणाला.

“मी तरी काय करतेय?”

पुढच्या दालनात संगमरवराची बाई होती. तोंडावरून झिरझिरीत ओढणी, आणि ओढणीच्या आतून नाक, ओठ, पापण्या दिसत होत्या. सगळं एकाच दगडात. लोक वाकून वाकून बघत होते.

“हिला कुठली सासू आडवी आली, एवढा पदर ओढायला?” राजव्वा म्हणाली. शेजारच्या दोन बायका खुदकन हसल्या. रजिता हसली नाही. भिंतीवरच्या पाटीवर बाहेर जायच्या दाराचा बाण होता. तिने तो पाहिला आणि नजर खाली घेतली.

बारा वाजत आले तसं घड्याळासमोर खूप लोक जमले. शाळेची मुलं, गावाकडची कुटुंबं, जमिनीवर फतकल मारून बसलेल्या म्हाताऱ्या. संपत दोघींच्या मागे उभा राहिला आणि व्हिडिओ काढायला त्याने मोबाइल वर धरला. रजिता हळूहळू कडेला सरकली. काचेच्या आतलं छोटं दार उघडलं, दाढीवाला चिमुकला माणूस बाहेर आला, गर्दीतून ‘आला, आला’ असं झालं. तिने एक पाय मागे घेतला.

राजव्वाने तिचं मनगट पकडलं. उजवं, बरं असलेलं.

“धर गं मला. गुडघे गेले माझे.”

“अत्तम्मा, इथे बाकावर बसा ना.”

“अगं धर म्हणते ना!”

म्हातारीने सगळा भार तिच्या हातावर टाकला. तंबाखूच्या पानांनी काळी पडलेली ती बोटं रजिताला सोडवता येईनात. आत टोले पडत राहिले. शेवटचा टोला पडला, टाळ्या झाल्या, माना खाली आल्या, गर्दी पांगली. तेव्हा कुठे राजव्वाने हात सोडला आणि ती टुणकन बाकावर जाऊन बसली.

“छान होतं हं,” ती म्हणाली.

बाहेर पडल्यावर रिक्षा पुलावरून गेली. बसथांब्यावर मोरपंखी ओढणी घेतलेली कोणी बाई उभी असल्यासारखी वाटली. संपत मधे बसला होता, म्हणून रजिताने मान वळवली नाही.

बिर्याणीच्या हॉटेलात संपतनेच सगळं मागवलं आणि रजिताच्या ताटात वाढलं. वाफ तोंडावर आली तशी तिने मान मागे घेतली. स्वेटरच्या आत घामाने दोन्ही कपडे अंगाला चिकटले होते.

“स्वेटर काढ की,” तो म्हणाला.

“नको. कणकण वाटतेय.”

“सकाळपासून बघतोय. तोंड पाडून बसायला आणलं का इथे?” ओठांवर हसू तसंच ठेवून त्याने आवाज उतरवला. “लोक बघतायत. खा.”

त्याचा हात टेबलाखाली गेला. रजिताचे डोळे पाण्याने भरले, पण तिने घास उचलला. त्याच वेळी राजव्वाचा हात पाण्याच्या तांब्याला लागला आणि तांब्या कलंडून पाणी थेट संपतच्या मांडीवर गेलं. तो ताडकन उठला.

“अम्मा! बघून जरा!”

“दिसत नाही रे बाबा आता. ऐकू येत नाही, दिसत नाही. जा, पुसून ये.”

तो गेला. राजव्वाने सालनमधली मिरची बाजूला काढली आणि सावकाश जेवत राहिली. रजिता तिच्याकडे बघत होती. घड्याळासमोरची पकड अजून तिच्या मनगटावर होती. मुलगा आणि आई, दोघांनी मिळून राखण चालवलीय, असं तिच्या मनात आलं. उद्या सकाळची मेटपल्लीची बस होती.

संपत परत आल्यावर राजव्वाने जाहीर केलं, “आता बेगम बाजार.”

“भांडी मेटपल्लीत मिळत नाहीत का?”

“तिथे नुसत्या अंदाजाने विकतात. इथे वजनावर. तुझ्या लग्नाची भांडी इथूनच नेली होती मी, अजून एकाला पोचा पडला नाही.”

बेगम बाजारात हातगाड्या, हमाल आणि पितळेचा वास. राजव्वा गल्ल्या ओलांडत नेमकी एका दुकानापाशी थांबली. दुकान अरुंद, पण बोगद्यासारखं आत आत गेलेलं. दोन्ही बाजूंना छतापर्यंत पातेल्यांच्या उतरंडी.

“तू काय करणार इथे?” ती मुलाला म्हणाली. “मला तास लागेल. समोर चहा पी. उचलायला लागलं की हाक मारते.”

संपतने दुकानाच्या दाराकडे पाहिलं, चहाच्या टपरीकडे पाहिलं. टपरीवरून दार सरळ दिसत होतं. “फोन दे,” तो रजिताला म्हणाला. “चार्जिंग बघतो.” तिने फोन दिला आणि तो रस्ता ओलांडून गेला.

राजव्वा दुकानात आत आत शिरली, शेवटच्या फळीपर्यंत. रजिता मागोमाग. तिथे एकच बल्ब होता. राजव्वाने विक्रेत्याकडून कुकर मागवले, दोन बाजूला सारले आणि सगळ्यात लहान उचलला. झाकण लावून पाहिलं, शिटी फिरवून पाहिली.

“हा बांध. आणि एक ताट, एक वाटी, एक पेला. एक लहान तवा.”

“एक एकच, अम्मा?” विक्रेता हसला. “सेट घ्या की. हॉस्टेलच्या मुलीसाठी आहे का?”

“हो. हॉस्टेलच्या मुलीसाठी.”

तो पिशवी आणायला गेला. रजिताला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

“अत्तम्मा, हे...”

“एवढ्या उन्हात दोन दोन ड्रेस घालून फिरतेस. मला कळत नाही होय?” राजव्वा कुकरच्या आतली धूळ पदराने पुसत होती. तिचा आवाज इतका हळू रजिताने कधी ऐकला नव्हता. “शिवणवालीची आणि आपली भिंत एकच आहे.”

रजिताने मागे वळून पुढच्या दाराकडे पाहिलं.

“मग तिथे का धरलंत मला? मी निघाले असते.”

“सगळे घड्याळाकडे बघत होते. त्याचा मोबाइलही घड्याळाकडे होता. पण तो स्वतः तुझ्याकडे बघत होता.” म्हातारीने कुकर खाली ठेवला. “दारापर्यंत पोचली नसतीस.”

बाहेर कोणी हमाल ओरडत गेला. रजिताला आभार मानावेसे वाटले नाहीत. पाच वर्षं. त्या भिंतीतून ऐकू आलं असेल, तर तिच्या-संपतच्या खोलीची आणि राजव्वाच्या खोलीची भिंतही एकच होती.

“म्हणजे ऐकू येत होतं तुम्हाला,” ती म्हणाली. “सगळं.”

राजव्वाने तिच्याकडे पाहिलं, आणि मग पाहवलं नाही. झाकण उचलून तिने कुकरवर ठेवलं. ते नीट बसेना. तिने दोनदा फिरवलं, तिसऱ्यांदा बसलं.

“येत होतं,” ती म्हणाली.

विक्रेता पिशवी घेऊन आला. सामान भरून त्याने ती राजव्वाकडे दिली. तो वळताच राजव्वाने पिशवी सुनेच्या हातात दिली आणि उतरंडीच्या मागे बोट दाखवलं. तिथे गाड्यांवर माल चढवायचं लहान दार होतं, अर्धवट उघडं. पलीकडे दुसरी गल्ली आणि रिक्षा दिसत होत्या.

“पत्ता पाठ आहे ना?”

“आहे.”

“माहेरी जाऊ नकोस. तो आधी तिथेच जाईल.”

“आणि तुम्ही? तुम्हाला विचारेल तो.”

“विचारू दे. मला ऐकू येत नाही.” राजव्वाच्या ओठांचा कोपरा हलला, पण हसू पुरतं आलं नाही. तिने हात पुढे केला, रजिताच्या गालापर्यंत आणला आणि तिथेच थांबवला. जणू तेवढा हक्क आहे का, हे तिचं तिलाच ठरवता येईना. मग तिने तो हात मागे घेतला आणि पदर खोचला.

“थांब जराशी इथेच,” ती म्हणाली. “मी हाक मारली की निघ.”

ती पुढच्या दाराकडे गेली आणि तिचा आवाज चढला. दुकानाच्या सेठला तिने सगळ्यात मोठं पितळी पातेलं काढायला लावलं, लग्नात भात शिजवतात तसलं. भाव ऐकून तिने कपाळाला हात लावला, सेठने शपथ घेतली, तिने त्याच्या शपथेची टर उडवली. मग ती दारात जाऊन ओरडली, “संपत! ये रे, उचलायला ये!”

उतरंडीच्या आडून रजिताला बोगद्याच्या टोकाशी उजेडाचा चौकोन दिसत होता. त्यात संपत आला. तो आत डोकावून काही विचारू लागला, तेवढ्यात दोन माणसांनी ते पातेलं उचलून त्याच्या पुढ्यात आणलं. त्याला दोन्ही हातांनी कडा धरावी लागली. पातेलं त्याच्या छातीपर्यंत आलं होतं, मान तिरकी झाली होती.

रजिताने मागचं दार ढकललं. उन्हाची तिरीप तोंडावर आली. पिशवीतला कुकर तव्यावर आपटून वाजला. तिने पिशवी पोटाशी घट्ट धरली आणि पायरी उतरली.

मागून राजव्वाचा आवाज येत होता.

“नीट धर. खाली ठेवू नकोस, बूड बघू दे मला. उजेडाकडे फिरव. आणखी. आणखी जरा.”