डावांची वही

सोनईच्या पलीकडच्या माळावर त्या साली दुष्काळी रस्त्याचं काम निघालं आणि मच्छिंद्र शेजवळ तिथं मस्टर कारकून म्हणून लागला. सव्वीस वर्षांचा, मॅट्रिक झालेला, अजून लग्न न झालेला. बाहत्तरचा पावसाळा कोरडाच गेला होता. घरचे दोन बैल छावणीत बांधले होते. अशा दिवसांत सावलीला बसून करायचं काम मिळालं म्हणून आईनं शनीला तेल वाहिलं. सकाळी आणि दुपारी हजेरी घ्यायची, संध्याकाळी ज्यांवर टोळीची मजुरी ठरायची ते खडीचे ढीग मोजताना मुकादमाबरोबर उभं राहायचं, एवढंच काम. मच्छिंद्रचा जीव मात्र त्यात नव्हता. तो होता त्याच्या वहीत.

वही जाड पुठ्ठ्याची होती. तिच्यात तो खेळ जमवायचा. मातीत, फरशीवर, दगडावर रेघा ओढून खडे मांडून खेळायचे ते डाव. लहानपणी गावच्या बारवेच्या पायरीवर एक कोरलेला पट त्यानं पाहिला होता. तीन चौकोन, त्यांना जोडणाऱ्या रेघा आणि मधेच एक फूल. यावर काय खेळतात, असं त्यानं गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना विचारलं. कुणी नवकंकरी म्हणालं, पण नवकंकरीत फूल नसतं. फुलाचा अर्थ कुणालाच सांगता येईना. ज्यांनी तो पट कोरला ती माणसं मरून गेली आणि डाव त्यांच्याबरोबरच गेला, ही गोष्ट त्याला फार लागली. तेव्हापासून वही सुरू झाली.

प्रत्येक डावाला नंबर, पटाचं चित्र, खडे किती, चाल कशी, कुणाकडून मिळाला, त्याचं गाव. एकदा एका मास्तरांनी ऐकीव डाव सांगितला, त्यानं तो लिहून घेतला, आणि खेळायला बसल्यावर कळलं की तो डाव संपतच नाही. नववा नंबर खोडावा लागला. ती खाडाखोड त्याला इतकी खुपली की त्यानं नियमच केला: डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, आणि लिहिताना कोण खेळलं, कुठं खेळलं, किती वाजता, सगळं टिपायचं. वाघ-बकरी सोनईत एका रीतीनं खेळत, पारनेरकडचा एकजण थोड्या वेगळ्या रीतीनं. मग हा एक डाव धरायचा की दोन? तीन दिवस डोक्याला भुंगा लावून घेऊन शेवटी त्यानं बारा आणि बारा-अ असे नंबर दिले. तरी मन पुरतं निवलं नाहीच.

माळावरच्या कामाला पन्नास गावांची माणसं आली होती. दुपारच्या सुट्टीत सुकडी खाऊन झाली की बाभळीच्या विरळ सावलीत माणसं खडे मांडून बसत. खड्यांना काय तोटा! मच्छिंद्र एका टोळक्याकडून दुसऱ्याकडे फिरायचा. दोन महिन्यांत वही तेविसावरून चाळिसावर गेली. लोक हसायचे, पण सांगायचेही.

एकेचाळिसावा डाव बनुबाईचा. साठीची, पाथर्डीकडची, अंगानं काटक. मुलगा ऊसतोडीला गेला तो तिकडंच राहिला होता, त्यामुळं ती एकटीच कामाला आली होती. फक्रुद्दीन नावाचा नेवाशाकडचा गवंडी तिच्या टोळीत होता. बांधकामं बंद पडल्यामुळं तोही खडी फोडत होता. दोघांचं एकमेकांशी भांडण चालायचं आणि डावही चालायचा. बनुबाईच्या डावाचं नाव कोंडवाडा. एकाकडे बारा खडे, ती गुरं. दुसऱ्याकडे दोन, ते राखणदार. राखणदारानं गुरं कोंडायची, गुरांनी पळायचं. पण शेवटचं जनावर कोंडलं की पुढं काय, हे मच्छिंद्रला समजत नव्हतं. रोज डाव रंगात आला की सुट्टी संपायची आणि मुकादमाची शिट्टी वाजायची.

"मावशी, शेवटी काय होतं ते तोंडी तरी सांगा," तो म्हणायचा.

"तोंडी सांगून कळत न्हाई बाबा. दार उघडावं लागतं. ते खेळताना दिसतं."

एप्रिलातल्या एका शनिवारी त्याला धीर धरवला नाही. सोमवारी मस्टर घेऊन नगरला जायचं होतं, आणि वहीतलं ते अर्धंच भरलेलं पान त्याला टोचत होतं. दुपारी साडेतीनला, काम चालू असताना, तो बनुबाईच्या टोळीकडे गेला.

"एकच डाव. शेवटापर्यंत. मोजणीचं मी बघून घेतो."

फक्रुद्दीन म्हणाला, "भाऊसाहेब, मुकादम बघंल."

"मुकादम पाण्याच्या टँकरकडं गेलाय. बसा."

ते बसले. सगळा डाव झाला. शेवटचं जनावर कोंडलं तेव्हा राखणदार झालेल्या बनुबाईनं स्वतःच्या हातानं रेघ पुसून वाड्याचं दार उघडलं आणि सगळी गुरं परत पटावर ठेवली. "कोंडलेलं जनावर सोडल्याबिगर राखणदार जिंकत न्हाई," ती म्हणाली. मच्छिंद्रला इतका आनंद झाला की तो उभ्याउभ्याच लिहू लागला. दिनांक, वेळ साडेतीन, जागा, बनुबाई आणि फक्रुद्दीन, एकतीस चाली.

त्यानंतर पाचव्या दिवशी तपासणी आली.

कामावर खोट्या हजेऱ्या लागतात अशी कुणाची तक्रार वर गेली होती. जीपमधून साहेब उतरले. पन्नाशीचे, घामाघूम, चेहऱ्यावर वैताग. तंबूत बसून त्यांनी मस्टरची पेटी उघडायला लावली. मस्टरं बाहेर निघाली, आणि त्यांच्याबरोबर वहीही. मच्छिंद्र ती कायम पेटीतच ठेवायचा, कारण पेटीला कुलूप होतं.

साहेबांनी चार पानं उलटली. मग मागं जाऊन सावकाश वाचू लागले.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं, साहेब. ते आपलं खेळांचं... मी जमवतो."

"दुपारी साडेतीन. बनुबाई, फक्रुद्दीन." त्यांनी आणखी पानं उलटली. "सकाळी सव्वानऊ. हे पाहा, दुपारी चार. कामाची वेळ काय आहे?"

त्या बाकीच्या नोंदीही खऱ्या होत्या. कुणाची पहार मोडलेली, कुणी टँकरची वाट बघत बसलेलं, तेवढ्यात मांडलेले डाव. त्यानं वेळ टिपली होती, कारण टिपायचाच नियम होता. पहार मोडली होती हे मात्र कुठंच टिपलं नव्हतं.

"लोक खोटं लिहितात म्हणून मी इथं आलो," साहेब म्हणाले, "आणि तुम्ही तर सगळं खरं लिहून ठेवलंय. हे कामाच्या वेळी खेळत होते, बरोबर?"

शनिवारच्या डावाला आपणच बसवलं, हे वाक्य त्याच्या जिभेवर आलं. साहेबांच्या मागं मुकादम पुंजाराम उभा होता. त्यानं डोळ्यांनीच नको म्हणून खुणावलं. मच्छिंद्रला घरचं चूल-भांडं दिसलं, छावणीतले बैल दिसले.

"अक्षर माझंच आहे, साहेब," तो एवढंच म्हणाला.

वहीत कामाच्या वेळेपुढं सापडलेली अकरा नावं मस्टरवरून कमी झाली. वही जीपमधून नगरला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीला त्याला ती अकरा नावं सोडून वाचावं लागलं. हजेरी संपल्यावर बनुबाई पुढं आली. हातोडी तिच्या खांद्यावर होती.

"बाबा, माझं नाव राहिलं बघ वाचायचं."

"राहिलं नाही, मावशी. कमी झालंय."

"कुनी कमी केलं? मी तर एक दिस खाडा केला न्हाई."

त्यानं खरं ते सांगितलं. वहीचं सांगितलं, साडेतीनचं सांगितलं. ती ऐकत राहिली, आणि तिला नीट उमजलं की नाही ते त्याला कळेना. फक्रुद्दीनला मात्र पुरतं उमजलं.

"आमी दिवसभर खडी फोडली ती न्हाई लिहिलीस," तो म्हणाला. एरवी तो अहो-जाहो करायचा. "एक डाव खेळलो, तोबी तुझ्यासाठी, तेवढा लिहिलास. अन् साहेबाम्होरं तुझी जीभ कुठं गेल्ती?"

भोवती माणसं जमली होती. त्या दुपारी बाभळीखाली एकही पट मांडला गेला नाही. पुढच्या दिवसांतही मच्छिंद्र येताना दिसला की माणसं पायानं रेघा पुसून टाकत.

चार दिवस त्यानं काढले. जेवण जाईना. आई म्हणाली, "तुझं नाव तर न्हाई ना कमी झालं? मग काय झालंय तुला?" पाचव्या दिवशी त्यानं मस्टरच्याच कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला. शनिवारी दुपारी साडेतीनला सदर मजुरांना मी स्वतः कामावरून उठवून खेळायला बसवले. बाकीच्या वेळी ते हत्यार मोडल्यामुळे अगर पाण्यासाठी थांबले होते. दोष असल्यास माझा आहे. पुंजारामनं वाचून कपाळाला हात लावला.

"मच्छिंद्रा, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायलायस."

"पडू द्या."

एसटीनं तो नगरला गेला. साहेबांच्या कचेरीत दुपारपर्यंत बाकावर बसला. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला.

"त्याच दिवशी का नाही बोललात?"

"भ्यालो होतो."

"आणि आता?"

मच्छिंद्रनं अर्ज बोटानं त्यांच्याकडं सरकवला. साहेबांनी अर्जावर काहीतरी लिहिलं आणि शिपायाला हाक मारली. वही परत मिळेल का, असं मच्छिंद्रनं दारातून विचारलं. ती फायलीला लागली, असं कारकुनानं सांगितलं. फायलीला लागलेलं परत निघत नाही.

आठवड्यानं हुकूम आला. अकरा नावं पुन्हा लावावीत, मस्टर कारकुनास कमी करावे. दहाजण दुसऱ्या दिवशी सकाळी हजर झाले. बनुबाई नव्हती. नाव कमी झाल्यावर दोन दिवस ती तिथंच वाट बघत बसली होती, मग राहात्याकडं गुरांच्या छावणीत काम मिळतं म्हणून बायकांच्या एका घोळक्याबरोबर निघून गेली, असं कुणीतरी सांगितलं.

मच्छिंद्र तिला शोधत राहात्याला गेला. बाजारच्या बाहेर, पेरूच्या वाळलेल्या बागेशेजारी छावणी होती. शेकडो जनावरं, धूळ, माश्या. बनुबाई पाटीत शेण भरत होती. त्यानं हाक मारली तेव्हा तिनं कपाळावर हात धरून बघितलं.

"मावशी, तुमचं नाव परत लागलंय. चला. मी न्यायला आलोय."

"आता कुठं यायचं? हितं एक येळचं खायाला घालतात. जाग्यावर बसले तर हाय, उठले तर दुसरी बाई टपून बसलीया." तिनं पाटी खाली ठेवली. "तुझं काय झालं?"

"मला काढलं."

"मंग कशाला गेल्तास सांगायला? आदी सांगितलं आसतंस तर माझं काम ऱ्हायलं आसतं. मागनं सांगून तुझंबी गेलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो म्हणाला, वही आता आपल्याकडं नाही, पण कोंडवाडा आपल्याला सगळा पाठ आहे, पुन्हा लिहून ठेवीन.

"लिही," ती म्हणाली. "पर माझं नाव कुठं घालू नगंस."

"डाव तुमचाच आहे, मावशी."

"आसू दे. नाव नगं."

कुणीतरी तिच्यावर ओरडलं. तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि ती गुरांमधून निघून गेली. एका म्हशीनं मच्छिंद्रच्या पिशवीला तोंड लावलं. पिशवी सोडवून घेऊन तो स्टँडकडं चालू लागला.

सोमवारी तो माळावरच्या कामावर मजूर म्हणून उभा राहिला. नवा कारकून आला होता, त्यानं नाव लिहून घेतलं. कुठल्या टोळीत घालायचं असा प्रश्न आला. पुंजारामनं इकडंतिकडं पाहिलं. कुणी हो म्हणेना. मग फक्रुद्दीननं बाजूला सरकून जागा केली.

खडी फोडायची रीत मच्छिंद्रला येत नव्हती. पहिल्या घावाला दगडाची कपची उडून त्याच्या हनुवटीला लागली. फक्रुद्दीननं एकदा त्याच्याकडं पाहिलं, त्याच्या हातातला दगड काढून घेतला, फुटायची शीर वर येईल असा फिरवून पुन्हा समोर ठेवला, आणि आपल्या कामाला लागला. संध्याकाळी मोजणी झाली तेव्हा त्यांच्या टोळीचा ढीग सगळ्यांत लहान भरला.