कॉम्प्युटरवर जळालेली मोटर

हे कुणाला पटणार नाही, आणि न पटलं तरी माझं काही अडत नाही. पण दुर्गाबाईच्या गिरणीची मोटर परवा जालन्याला कॉम्प्युटरवर जळाली, आणि ती मीच जाळली.

मी असं म्हणालो तशा दळणाच्या रांगेतल्या बाया हसल्या. दुर्गाबाई हसली नाही. मोटर दोनदा जळून रिवाइंडिंगला परतूरला गेली होती. तिसऱ्यांदा जळाली तर ती गिरणीला कुलूप लावणार होती. लाईट सकाळपासून होती, पण मंद. भिंतीवरच्या नव्या डब्याचा लाल दिवा लागलेला, मोटर बंद.

"ते डबडं काढ अन् डायरेक्ट जोड," रांगेतली सोनूबाई म्हणाली. "लेकरं उपाशी बसलेत."

दुर्गाबाईचा हात वायरीकडे गेला.

"थांब," मी म्हणालो. "जालन्याला डिप्लोमा शिकणाऱ्या आपल्या कचरूनं बनवलाय तो. आधी कॉम्प्युटरवर. वायर न्हाई, पेचकस न्हाई. सर्किट नुसतं काढायचं, आकडे भरायचे, की खऱ्यासारखं चालून दाखवतंय. जळालं तर खर्च न्हाई. बटन दाबलं की मोटर कोरी."

"मंग चाललं का?" सोनूबाईने विचारलं.

"झकास! कारण पठ्ठ्यानं दोनशे तीस व्होल्ट भरल्ते. म्हणलं, बाबा, ही कुठल्या गावची लाईट? आपल्याकडं कधी दीडशे, अन् शेतातल्या मोटरी बंद झाल्या की पावणेतीनशे. मंग आपल्या गावची लाईट भरली. भरली की धूर! जळक्या व्हार्निशचा वास. कॉलेजची पोरं खोकत बाहेर पळाली."

"कॉम्प्युटरातून वास?"

"बिलकुल. त्यानं सर्किट बदललं, मी पुन्हा जाळली. असं करता करता एकदाची जळायची थांबली. कमी-जास्त झालं की हा डबा मोटरीला लाईटच देत न्हाई."

दुर्गाबाईने हात मागे घेतला. जरा वेळाने डब्यात कट्ट झालं, लाल दिवा गेला, हिरवा लागला आणि मोटर घुमायला लागली. दुर्गाबाईने पदराने तोंड पुसलं आणि रांगेतला दळणाचा पहिला डबा उचलला. तो माझा होता.

इथं गप्प बसायला पाहिजे होतं.

"अन् पुढं ऐका," मी म्हणालो. "तेवढ्यात जालन्याची लाईट गेली. पण चित्रातली मोटर थांबंना! चित्रातच बॅटरी काढल्ती ना. म्हणलं, चालूच हाय तर वाया कशाला घालवा? पायलीभर ज्वारी तिच्यावरच दळून आणली."

दुर्गाबाईने माझा डबा रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला.

"खोटं, भुजंगआबा! तिकडून दळून आणलं, तर हे सकाळपासून काय घेऊन बसलात?"