मी साटाच्या केबलला बसत नाही

मी सर्व्हरमधली हार्ड डिस्क बोलतेय. नुसती डिस्क म्हणू नका हं, खास सर्व्हरसाठी घडवलेल्या सॅस घराण्यातली! मिनिटाला दहा हजार गिरक्या, तीही आठ वर्षं दिवसरात्र. एक रजा नाही की कुरकुर नाही.

कृत्रिम पायांच्या कारखान्यात मी होते. माप घेतलेल्या प्रत्येक पायाची फाइल माझ्याकडे. शेजारच्या टेबलावरच्या संगणकात साध्या साटा घराण्यातली डिस्क होती. स्वस्त, पोटात जागा ऐसपैस, चाल मात्र निवांत. एका माणसाचं टेबल सांभाळायला ती उत्तम. इथे सहा जण एकदम फाइली मागायचे. तिची तारांबळ उडाली असती. मी सगळ्यांना पुरून उरायचे.

एका शुक्रवारी सर्व्हरचा बोर्ड जळाला. मी धडधाकट, पण बोलणार कशी? नेमक्या त्याच सकाळी टपाल वाटणाऱ्या काकू कुबड्यांवर आल्या. त्यांचा कृत्रिम पाय तडकला होता. तसाच रेटल्यामुळे गुडघ्याखाली सूज आली होती. सूज दोन दिवसांत उतरली असती, पण तोवर तिच्यावर नवं माप घेता येत नाही. जुनं फक्त माझ्याकडे.

"सोमवारी कामावर गेले नाही, तर माझा टपालाचा भाग दुसऱ्याला देतील हो," काकू रडवेल्या झाल्या.

पाय घडवणाऱ्या ताईंनी मला सर्व्हरमधून काढलं आणि संगणकातली साटाची केबल लावू लागल्या. जाईना. त्यांनी जोर लावला.

"अहो ताई, मोडाल तिला!" सर्व्हर बघायला आलेले दुरुस्तीवाले दादा ओरडले. "सॅसच्या सर्व्हरमध्ये साटाची डिस्क चालते, पण साटाच्या केबलला सॅस बसत नाही. हिच्या तोंडातली मधली फट मुद्दाम बुजवलेली असते."

"भारीच नखरा बाई हिचा!" ताई म्हणाल्या.

नखरा? रुबाब म्हणा! पण खरं सांगते, तेव्हा मला त्या रुबाबाची लाज वाटली. काकू समोर बसलेल्या आणि मी ठोंब्यासारखी गप्प.

दादांनी सॅसची डिस्क जोडायचं कार्ड आणून संगणकात बसवलं. मी गिरकी घेतली आणि काकूंचं माप जसंच्या तसं हातात दिलं. केसाचाही फरक नाही!

आता सगळ्या फाइली साटाच्या दोन डिस्कवर गेल्यात. पोरी कामाच्या आहेत, कबूल. मी ताईंच्या टेबलावर कागद दाबून बसते. भंगारात तेवढं देऊ नका मला.

काकू रोज दुपारी टपाल घेऊन येतात. दोन्ही पावलं अशी दणक्यात टाकतात की टेबल हलतं. आम्ही डिस्का जन्मभर हादऱ्याला घाबरतो. या हादऱ्याची मात्र मी सकाळपासून वाट बघते.